दस्त्यावरचा गाल

ऋषीने ती वस्तू किचनच्या टेबलावर ठेवली तेव्हा अहिल्या मेथी निवडत होती. तिने आधी मेथी बाजूला ओढली, मग वस्तूकडे पाहिलं.

"हात लाव, आई. सगळा स्टिकी झालाय."

तिने एक बोट टेकवलं. गुळाच्या डब्यावरून निघावं तसं ते जरा उशिराने निघालं.

तो अहिल्याच्या नवऱ्याच्या, उल्हासच्या रायफलचा दस्ता होता. खांद्याला लावायचा, गाल टेकवायचा, काळ्या प्लास्टिकचा पोकळ भाग. लोखंडी भाग ऋषीने वेगळा करून आपल्या अपार्टमेंटमध्ये कुलपात ठेवला होता. दस्त्यावरचा रबरासारखा मऊ थर जुना झाला की असा पाघळतो, हे त्याने नेटवर वाचलं होतं. थर काढून टाकायचा आणि वरून स्प्रे पेंट मारायचा. फार महाग नको, पण टिकाऊ हवा.

"अँड यू आर द पेंट पर्सन," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने मेथीची एक काडी उचलून चघळू लागला. त्याचं सगळं डाव्या हाताने. डाव्या गालावर नखाएवढी अर्धगोल खूणही होती. लहानपणी ड्राइव्हवेवर सायकलवरून पडला होता, तेव्हाचे टाके.

पेंट पर्सन हे मात्र खरं होतं. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी अहिल्याच्याच गराजमध्ये तयार व्हायचं. शिकवलं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी तिने थर्माकोलच्या खांबांवर सोनेरी स्प्रे मारला आणि खांब डोळ्यांदेखत विरघळले. मंडळातली दीपा म्हणाली होती, "अगं, बाप्पाला भूकंपाचा देखावा केलास की!" तेव्हापासून अहिल्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागली, ती इतकी की आता दुकानातली माणसं तिला विचारायची.

"कधीपर्यंत हवंय?"

"शिकारीचा सीझन उघडतो त्या दिवशी. थँक्सगिव्हिंगनंतरचा मंडे."

तिने मेथी पुन्हा पुढे ओढली. "आणि बसणार कुठे?"

"आई, तुला माहितीये कुठे."

तिला माहीत होतं. उल्हास मागच्या वर्षी त्याच मंडेला गेला होता. त्यांच्या अमेरिकेतल्या डब्लिन गावापासून तासाभरावर त्याच्या ऑफिसातल्या डेलचं शेत होतं, शेताच्या कडेला रान, रानात एका ओकला बांधलेलं मचाण. नागपुरात वाढलेल्या, झुरळालाही झाडूने दार दाखवणाऱ्या माणसाला चाळिशी उलटल्यावर हरणांच्या शिकारीचं वेड लागलं होतं. इतक्या वर्षांत त्याने एकही हरीण मारलं नाही. डेल म्हणायचा, तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास पलीकडच्या काउंटीपर्यंत जातो. उल्हास खोबरेल लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. तो मचाणावर बसायचा, थर्मासमधला चहा प्यायचा, संध्याकाळी घरी यायचा आणि म्हणायचा, "काय शांत असतं गं तिथे!"

त्या संध्याकाळी तो आला नाही. डेल बघायला गेला, तर उल्हास मचाणावर बसलेलाच होता. नेम धरावा तसा गाल दस्त्यावर टेकलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. डेल म्हणाला, तो अगदी आरामात दिसत होता, अहिल्या. हे वाक्य चांगल्या मनाने बोललेलं होतं आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

आता त्याच जागी तिच्या मुलाला बसायचं होतं. जाऊ नकोस, एवढंच तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "ठेवून जा. बघते."

ऋषी गेल्यावर तिच्या मनात जे आलं ते फारसं शोभणारं नव्हतं. चुकीचा रंग मारायचा. अशा प्लास्टिकवर साधा स्वस्त एनॅमल कधी नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. मंडेला दस्ता तयार नसेल तर पोरगा जाणार कशाने? बेत सोपा होता. अडचण एवढीच होती की रंगाचं काम मुद्दाम वाईट करणं तिच्या हाताला जमत नव्हतं.

म्हणून ती दुकानात गेली आणि निवड करत बसली. सगळ्यात स्वस्त डबे खालच्या फळीवर होते. ते बागेतल्या खुर्च्यांना ठीक, रोज घामाचा हात लागणाऱ्या वस्तूला नाही. बंदुकांसाठी म्हणून विकला जाणारा भट्टीत भाजायचा रंग भारी होता, पण किंमतही भारी, आणि भट्टीत दस्त्याचं धिरडं व्हायचं. मधल्या फळीवर खास प्लास्टिकला धरणारा, मॅट, वाळक्या पानांच्या रंगाचा एक डबा होता, किंमत बेताची. आणखी दोन घेतले. घरी येऊन दह्याच्या रिकाम्या बादल्यांच्या झाकणांवर तिन्हींची परीक्षा घेतली. ज्या झाकणांवर जगात काही चिकटत नाही, त्यांच्यावर जो टिकेल तो कुठेही टिकेल असा तिचा हिशेब. चावीने ओरखडलं, नखाने खरवडलं, पाण्यात बुडवलं. मधल्या फळीवरचा जिंकला.

"आई, यू आर ओव्हरथिंकिंग इट," ऋषी फोनवर म्हणाला.

"तुझ्या वडिलांशी लग्न करताना नव्हतं केलं, म्हणून आता करते."

तो हसला. ती नाही.

चिकट थर तिने स्पिरिटने पुसून काढला. गराज उबदार राहावं म्हणून छोटा हीटर लावून ठेवला आणि फवारायच्या आधी तो बंद केला. मखराचे खांब टांगायच्या हुकाला तारेने दस्ता टांगला, मास्क लावला, आणि हलक्या हाताने पहिला पातळ थर मारला. दस्ता तारेवर हळूहळू फिरत राहिला. दार बंद होतं, वारा नव्हता. तार पीळ सोडतेय, असं ती स्वतःशीच म्हणाली.

सकाळी कॉफीचा कप घेऊन गराजमध्ये गेली तर रंगात बारीक बारीक खड्डे. जागोजाग रंग आक्रसून मागे सरला होता.

तेल. खाली तेल असलं की असंच होतं. पण तेल आलं कुठून? मग तिला आठवलं आणि ती एकटीच हसत सुटली. खंडेनवमी! दरवर्षी उल्हास कॉम्प्युटरचा कीबोर्ड, गाडीची किल्ली, तिची शिवणाची कात्री आणि ही रायफल पाटावर मांडायचा. "हत्यार आहे, मान दिला पाहिजे." आणि ती दस्त्यावर तेलात कालवलेलं कुंकू लावायची, कारण कोरडं कुंकू प्लास्टिकवर थांबत नसे. इतक्या वर्षांचं तेल मुरलं होतं. यंदा वर्ष भरलं नव्हतं म्हणून सण नव्हता, पाट नव्हता, पण मागचं सगळं तिथेच होतं. दुकानातल्या कुणालाही सुचलं नसतं असं कारण.

तिने रंग उतरवला. भांड्याच्या साबणाने घासलं, मग पुन्हा स्पिरिट, मग बारीक पॉलिश पेपर, मग प्लास्टिकला धरून ठेवणारा प्रायमर. वाळल्यावर पुन्हा रंग.

दुसऱ्या सकाळी सगळीकडे रंग साईसारखा बसला होता. फक्त एका ठिकाणी नाही. दस्त्याच्या उजव्या अंगाला, मागे, तळहाताएवढा भाग उघडा काळा होता. खड्डे नाहीत, पापुद्रे नाहीत. जणू रंग तिथे कधी गेलाच नव्हता. कडा मऊ, लांबट, वर रुंद आणि खाली निमुळत्या.

कप तिच्या हातात तसाच राहिला. गराजमध्ये रंगाचा वास यायला हवा होता. येत होता खोबरेलाचा.

"उल्हास," ती म्हणाली. तिचा आवाज घरच्यासारखाच आला, टॉवेल कॉटवर टाकल्याबद्दल बोलायची तसा. "अरे, पोराचं काम आहे. जरा गाल उचल."

तिने पुन्हा सगळं उतरवलं. पुन्हा धुतलं. या वेळी त्या जागी तिने स्वतःची बोटंही लागू दिली नाहीत. सकाळी तीच जागा, तसाच आकार. आता तिला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. उघड्या काळ्या भागाच्या मधोमध रंगाची एक बारीक अर्धगोल रेघ मात्र चिकटून बसली होती, नखाने ओढावी तशी. फवाऱ्याचा थेंब ओघळला असेल, असं तिने ठरवलं.

दीपाचा फोन आला. थँक्सगिव्हिंगला येतेस ना, सगळे विचारताहेत.

"नाही गं. रंगकाम काढलंय."

"आत्ता? गणपतीला अजून केवढा वेळ आहे!"

"हे दुसरंच दैवत आहे," अहिल्या म्हणाली आणि विषय बदलला.

खरं सांगायचं तर तिला आता फारशी भीती वाटत नव्हती. नवऱ्याचा गाल होता. तीस वर्षं तो तिच्या उशीशेजारी होता. रोज सकाळी ती गराजमध्ये जायची, त्या जागेशेजारी स्टूल ओढून कॉफी प्यायची आणि उल्हासला दोन गोष्टी सांगायची. पाण्याचा हीटर गळतोय. सातारच्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रंग न धरण्यात तिचाही फायदा होता. बापच पोराला अडवतोय, तिने वाईट काम करायची गरजच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ऋषी आला. प्राण्यांच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून तसाच, शर्टावर कुणाच्या तरी लॅब्रडॉरचे केस घेऊन.

"झालं?"

"एक जागा धरत नाहीये."

"दाखव." त्याने दस्ता तारेवरून काढला, उलटसुलट केला. "ही? आई, दॅट्स नथिंग. कोण बघतंय?" आणि त्याने तो सहज डाव्या खांद्याला लावून मान कलती केली.

त्याचा गाल त्या काळ्या जागेवर टेकला. नुसता टेकला नाही, बसला. डब्यावर झाकण बसावं तसा. जागेची कड त्याच्या गालाच्या कडेला लागून फिरत होती, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. आणि ती बारीक अर्धगोल रेघ नेमकी टाक्यांच्या खुणेखाली गेली. तिथे कातडी जरा आत होती. तिथे गाल दस्त्याला लागत नव्हता. म्हणून तेवढाच रंग राहिला होता.

"बाबा," अहिल्याने विचारलं, आणि तिला पुन्हा सुरुवात करावी लागली. "बाबा कसा धरायचा?"

"बाबा राइटी होता ना." ऋषीने दस्ता उजव्या खांद्याला नेला. आता त्याचा गाल पलीकडच्या अंगाला होता, जिथे रंग पहिल्या दिवसापासून सुरेख बसला होता. "असा. ही वॉज ऑन दिस साइड."

ती स्टुलावर बसली. इतके दिवस ती सकाळी कुणाशी बोलत होती?

ती खूण मेलेल्या माणसाची नव्हतीच. जो अजून तिथे बसला नव्हता त्याची होती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. शेवटी म्हणाली.

"आई..."

"माझ्यासाठी. या वर्षी नको."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मला हरीण मारायचं नाहीये. मी दिवसभर प्राण्यांना टाके घालतो, यार. मला फक्त एकदा तिथे बसायचंय. बाबाने शेवटचं काय पाहिलं ते बघायचंय. नंतर हवं तर तू ही रायफल विकून टाक." त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याने दस्त्याकडे पाहिलं. "नाही गेलो तर मी कायम फक्त इमॅजिन करत राहीन. यू नो?"

तिला कळत होतं. तीही वर्षभर तेच करत होती.

"मचाणावर बसताना झाडाला पट्टा बांधशील?"

"बांधीन."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ, आई."

दस्ता तो रविवारी संध्याकाळी न्यायला येणार होता. रविवारी सकाळी अहिल्याने हीटर बंद केला, डबा हलवला आणि त्या काळ्या जागेवर रंगाचा एकच थर मारला. ओल्या रंगाने जागा झाकली गेली. मग तिच्या डोळ्यांसमोरच रंग कडेकडेने मागे सरायला लागला, दुधावरची साय फुंकरीने सरकावी तसा. तिने मास्क काढला, दस्ता तारेवरून उतरवून कामाच्या टेबलावर आडवा ठेवला, वाकली आणि आपला डावा गाल त्यावर टेकवला.

आधी नुसतं गार लागलं. मग गार वाटेना. मग खालून ऊब आली, माणसाची. खोबरेलाचा वास इतका दाट झाला की तिने तोंड उघडून श्वास घेतला. कुणीतरी श्वास घेत होतं आणि मध्येच थांबत होतं, एक बारीक शिट्टी वाजत होती आणि पुन्हा सुरू होत होती. त्या थांबण्याला तिने कितीदा कोपराने ढोसलं होतं. कूस बदल, म्हणून.

"मी आहे," ती दस्त्यात बोलली. "कुणाचा तरी गाल हवाच असेल तर हा घे. हा झुरळंसुद्धा मारणाऱ्या बाईचा आहे."

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मान अवघडली तेव्हा ती उठली. सोलल्यासारखं दुखेल असं वाटलं होतं, पण गाल अलगद सुटला. दस्त्यावर रंग अखंड होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळक्या पानांचा एकसारखा मॅट रंग. तिने नखाने खरवडून पाहिलं. हलला नाही.

बाथरूमच्या आरशात तिने गाल पाहिला. तिथे तो रंग होता, तळहाताएवढा. मधोमध एक अर्धगोल बारीक रेघ उघडी होती, कातडीच्या रंगाची. ऋषीच्या टाक्यांची रेघ. तिने साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी स्पिरिट. कापसाच्या बोळ्याला काहीच लागलं नाही.

संध्याकाळी ऋषी आला तेव्हा तिने मफलर कानावरून गुंडाळून घेतला होता. दात दुखतोय, म्हणाली.

सोमवारी ती घरूनच काम करत होती. म्हणजे लॅपटॉप उघडा होता. दुपारी तिने चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि खुर्चीत बसली. टेबलावर हात, हातावर डोकं. डावा गाल बधिर होता, सकाळपासून बर्फ लावल्यासारखा. तिला झोप लागली असावी, कारण पुढचं तिला कळलं ते असं, की आजूबाजूला उघडी झाडं आहेत, खाली खूप खोल जमीन आहे, पानांनी झाकलेली, आणि किती शांत आहे. इतकं शांत की उठावंसं वाटत नाही. आपण पुढे झुकतोय, आणि झुकण्यात काही वाईट नाही.

मग दूध करपल्याचा वास आला.

"ऋषी!" ती ओरडली. "ऊठ! दूध उतू चाललंय!"

गॅसभर दूध पसरलं होतं. तिने तो बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. फोन करावा की नाही? रानात फोन लागत नसे. फडकं घेऊन ती गॅस पुसत राहिली. पुसून झालेला पुन्हा पुसत राहिली.

अंधार पडायच्या बेताला ड्राइव्हवेवर गाडी वळली. ऋषी आत आला, बूट न काढता, आणि तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही. तो खुर्चीत बसला. चेहरा पांढरा होता.

"काही दिसलं?"

"काही नाही. एकही हरीण नाही. त्या दस्त्याला अजून बाबाच्या तेलाचा वास येतोय." त्याने हसायचा प्रयत्न केला. "आई, मी पट्टा काढला होता. जस्ट खाली उतरून सू करायला. परत चढलो आणि बांधायला विसरलो. आणि मग मला झोप लागली. गाल ठेवला आणि लागली. मी कधी असा झोपत नाही."

तिने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"जागा झालो तेव्हा मी जवळजवळ बाहेर होतो. अर्धा हवेत. अजून एक इंच..." त्याने हाताने दाखवलं. "तू मला उठवलंस. सीरियसली. तू माझ्या कानात ओरडलीस की दूध उतू चाललंय. आय मीन, हू ड्रीम्स दॅट?"

घरात अजून करपल्या दुधाचा वास होता. त्याला तो आता आला. त्याने गॅसकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मफलर कधीच गळून पडला होता.

"तुझ्या गालाला काय झालंय?"

"रंग लागलाय."

तो उठून जवळ आला आणि बघत राहिला. हळूच त्याने आपला डावा हात आपल्याच गालावर नेला, खुणेवर. मग तिच्या गालावरच्या त्या उघड्या रेघेवर अंगठा ठेवला.

"हे निघेल ना?"

"चावीने, नखाने, पाण्याने, कशाने नाही," अहिल्या म्हणाली. "मी तपासून घेतला होता. जेवतोस ना? मेथीचे पराठे आहेत."

तो जेवला, पुष्कळ जेवला, आणि त्या रात्री आपल्या जुन्या खोलीत झोपला. दस्ता गाडीतच राहिला होता. सकाळी त्याने तो आत आणला आणि म्हणाला, "तू ठेव. आय सॉ इट. बाबाने जे पाहिलं ते मी पाहिलं. छान आहे तिथे. पण बस."

तो कामावर गेल्यावर तिने पाट काढला. यंदाची खंडेनवमी होऊन गेलेली, पण उल्हासचं वर्ष आता भरलं होतं. कुंकू तिने लावायचं की नाही यावर मंडळात दोन तट पडले असते, म्हणून तिने कुणाला विचारलंच नाही. दस्ता तिने डावं अंग वर करून ठेवला, उल्हासचं अंग. चिमटीत कुंकू घेतलं आणि बोटाने टेकवलं. कोरडं, तेल न घालता.

एरवी असं कुंकू झडून जायचं. ती कॉफी संपेपर्यंत बघत बसली. झडलं नाही.